फ्लॉपीला लावलेलं कुंकू

आता कुणाला सांगितलं तर हसतील, पण एके काळी सांगलीच्या विश्रामबागेत माझं काम होतं कॉम्प्युटरला कपडे घालायचं. म्हणजे बघा, नवा कॉम्प्युटर सुरू केला की पडदा असायचा नुसता हिरवट-निळा, एखाद्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा. लोकांना ते आवडायचं नाही. एवढी मोठी वस्तू घरात आली आणि तिच्यात आपलं काहीच नाही, असं कसं चालेल? मग आमच्या दुकानाचे मालक अण्णा त्यांना म्हणायचे, काळजी करू नका, आमची शैला थीम टाकून देईल. थीम म्हणजे सगळाच साज. मागं चित्र, छोट्या छोट्या खुणांची रूपं, माऊसचा बाण, सुरू होताना वाजणारा आवाज, बंद होताना वाजणारा आवाज. हे सगळं एका गाठोड्यात बांधून देणारा एक प्रोग्रॅम अण्णांनी कुठून तरी मिळवला होता आणि तो आख्ख्या दुकानात फक्त मला येत होता. मला तरी कुठं येत होता म्हणा. त्याची माहिती इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी बारावीपुरतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी एकेक ओळ लावली. जो शब्द डिक्शनरीत सापडला नाही, तो बटण दाबून काय होतंय ते बघून कळला.

मी तिथं कशी पोचले ते आधी सांगते. आम्ही साताऱ्याचे. म्हणजे मूळ पलूसकडचे, पण दादा, माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते म्हणून वाढले मी साताऱ्यात. दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात ग्रीसचे डाग पडलेला दगड, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली दादांच्या पान्यांची पेटी. दादांचा हात सतत काही ना काही दुरुस्त करत असायचा. शेजाऱ्यांचा स्टोव्ह, शेजारच्या वहिनींची शिलाई मशीन, कुणाची सायकल. मी शेजारी बसून पाने द्यायचे. ते म्हणायचे, एका वेळी एकच नट हलवायचा. दोन हलवलेस तर बिघाड कशात होता ते मरेपर्यंत कळायचं न्हाई. माझी बारावी झाली त्या वर्षी उन्हाळ्यात दादा आजारी पडले, अकरा दिवस सिव्हिलला होते, आणि गेले. क्वार्टर सोडायला लागलं. आई भावाला घेऊन पलूसला मामाकडं गेली आणि मी सांगलीला, अण्णांच्या दुकानात. अण्णांच्या दुकानाची गाडी एकदा साताऱ्याच्या घाटात बंद पडली होती आणि ती दादांनी दुरुस्त केली होती, एवढीच ओळख.

मी रडले नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही, तसं झालं एवढंच. मातीला जाताना नाही, पुण्यानुमोदनाच्या दिवशी नाही. चुलत्या मला हलवायच्या, अगं रड की गं पोरी, मोकळी हो. एक जण दुसरीला म्हणाली, दगड हाय पोरगी. मला ते ऐकू आलं आणि वाटलं, असेल. बाहेरचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण काचेच्या पलीकडं. पुढं सहा-आठ महिने तसंच चाललं. कुणी बस म्हटलं की बसायचे, ऊठ म्हटलं की उठायचे. त्या वर्षात मी कशालाच नाही म्हटलं नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

अण्णा जैन. घर वर, दुकान खाली आणि दुकानाच्या मागं एक खोली, ती मला दिलेली. अण्णांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. त्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवण. दिवेलागणीला आपल्याकडं चूल पेटते, तर यांच्याकडं भांडी घासून पालथी घातलेली. पहिल्या आठवड्यात मला फार चमत्कारिक वाटलं. अंधार पडला की पोट विचारायचं, झालं एवढ्यातच? पण अक्कांच्या हाताला चव होती. निदान सगळे म्हणायचे की आहे. ज्वारीची पातळ भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याच्या शिरांची चटणी, ताकातली पालेभाजी. कांदा-लसूण चातुर्मासात बंद. मी जेवायचे, ताट पुसून जेवायचे, पण तोंडात कापूस घोळवल्यासारखं वाटायचं. आई पलूसहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती सुकटाची चटणी पाठवायची. ती त्या घरात उघडायची सोय नव्हती, म्हणून मी स्टँडवर जाऊन बाकावर बसून पावाबरोबर खायचे. सुकटाची चटणी! जिच्यासाठी मी साताऱ्यात भावाशी भांडत होते. तीसुद्धा तशीच, कापूस.

काम मात्र जमत होतं. त्या खुणांची चित्रं बत्तीस चौकोन आडवे, बत्तीस उभे, एवढ्यात बसवायची असायची. आईनं मला दोसुतीवर भरतकाम शिकवलं होतं, ते तिथं कामाला आलं. एकेक चौकोन मोजून रंग भरायचा. एका दाताच्या डॉक्टरांना मी कचऱ्याच्या डब्याच्या जागी कवळी काढून दिली होती. रिकामा डबा म्हणजे मिटलेलं तोंड, भरला की उघडलेलं. ते इतके खूश झाले की पेशंटला खुर्चीवरून उठवून दाखवायचे. तासगावच्या बागायतदारांसाठी माऊसचा बाण म्हणजे द्राक्षाचा घड. अण्णा म्हणायचे, शैला, तू एक दिवस यमाच्या कॉम्प्युटरला रेडा काढून देशील. मी हसायचे. हसायचं असतं तिथं हसायचे.

तर श्रावणात तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी कॉम्प्युटर घ्यायला आले. बापू म्हणायचे त्यांना. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात छत्री. बरोबर मुलगा, सुरेशदादा, चाळिशीचा. कॉम्प्युटर मुलाला पाहिजे होता. बापूंचं मत होतं की बेदाणा डोळ्यांनी बघून आणि बोटांनी दाबून विकतात, त्यात या डबड्याचं काय काम. तासभर ते स्टुलावर बसून माझ्याकडं संशयानं बघत राहिले. मग मी द्राक्षाचा बाण दाखवला. ते पुढं सरकले. म्हणाले, ह्यो घड सोनाका जातीचा न्हाई, मणी लांबट पाहिजेत. मी तिथल्या तिथं चार चौकोन वाढवले आणि मणी लांब केले. बास, म्हातारा माझा झाला. सुरू होताना आवाज वाजतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, माझा घालता येईल का? सुरेशदादा म्हणाले, बापू, कशाला उगीच. बापू म्हणाले, तू माझं ऐकत न्हाईस, हे डबडं तर ऐकवंल. त्यांनी वाक्य ठरवलं, देवाचं नाव घ्या आणि कामाला लागा. मायक्रोफोन त्यांनी प्रचाराच्या भाषणात धरतात तसा धरला. आधी बराच वेळ घोळ झाला, मग एका दमात वाक्य बोलले. नंतर मी तेवढं वाक्य कापून थीमच्या गाठोड्यात बांधलं आणि मूळ न कापलेलं ध्वनिमुद्रणही त्याच फ्लॉपीवर ठेवून दिलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं पुसून टाकलं, कारण जागाच नसायची. आता माझ्या फोनमध्ये पुतण्याच्या मुलाची हजार रडणी साठवलेली आहेत, पण तेव्हा एका फ्लॉपीत मिनिटभराचं बोलणं आणि एक चित्र मावलं तरी नशीब. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी प्लॅस्टिकची डबी. वर एक पत्र्याचं सरकतं झाकण, आत तपकिरी रंगाची पातळ चकती. सगळं त्या चकतीवर.

मग आली खंडेनवमी. दुकानातली सगळी यंत्रं पुसून-बिसून मांडली होती. अक्कांना उपास होता आणि वर पाहुणे आलेले. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, हळद, कुंकू, पाण्याची वाटी, झेंडूची फुलं. म्हणाल्या, शैला, खालची पूजा तू कर, सगळ्यांना नीट लाव, कुणाला सोडू नको. आता आमच्या घरात हे नाही. आमच्यात दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून विहारात जायचं, वंदना घ्यायची. वर्कशॉपात दादांचे सोबती पान्यांची पूजा करायचे तेव्हा दादा बाजूला हात जोडून उभे राहायचे, पेढा खायचे, आणि घरी येऊन त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. मला अक्कांना सांगता आलं असतं. अक्का चांगल्या होत्या, समजून घेतलं असतं. पण मी म्हटलं ना, त्या वर्षी नाही हा शब्द माझ्याकडं नव्हता. मी ताट घेतलं. आणि कधी केलेलं नसल्यामुळं किती करायचं हे मला ठाऊक नव्हतं. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतं तो एक बोट लावतो आणि पुढं जातो. मी म्हटलं, चुकायला नको. मॉनिटरला लावलं, प्रिंटरला लावलं, पक्कड-स्क्रूड्रायव्हरला लावलं. मग फ्लॉप्यांचा डबा काढला. आणि मला वाटलं, वरच्या प्लॅस्टिकला लावून काय उपयोग, खरी वस्तू तर आत आहे. म्हणून प्रत्येक फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण अंगठ्यानं सरकवलं आणि आतल्या चकतीला ओलं हळदकुंकू लावलं. बावीस फ्लॉप्या. एकीलाही सोडलं नाही. अगदी मन लावून केलं, असं म्हणवत नाही, कारण मन होतंच कुठं. पण नेमानं केलं.

दसऱ्यानंतर आठवड्यानं बापू गेले. झोपेतच. कॉम्प्युटर तासगावला जाऊन पडला होता पण थीम टाकायची राहिली होती. सुरेशदादांनीच सांगितलं होतं, सावकाश दिवाळीपर्यंत या. आता त्यांचा फोन आला. अण्णांशी बोलले आणि मग मला फोनवर बोलावलं. म्हणाले, ताई, बापूंचा आवाज हाय न्हवं तुमच्याकडं? घरात टेपवर-बिपवर कुठंच न्हाई. आई दोन येळा विचारतीया. मी म्हटलं, आहे. सगळं तयार आहे, येते.

तासगावला त्यांचं घर दुकानाच्या माडीवर. बेदाण्याचा हंगाम नव्हता, तरी भिंतींना गंधकाच्या धुरीचा वास मुरलेला होता. कॉम्प्युटरवर पांढरा पंचा टाकून ठेवलेला. समोर सतरंजी घातली होती आणि तिच्यावर घरातली सगळी बसलेली, सुना, मुलं, शेजारच्या दोघी-तिघी, आणि मधे बापूंची बायको. त्यांना मी काकी म्हणाले. बारीक बाई, कपाळ मोकळं, हात मांडीत. जणू प्रवचन सुरू होणार होतं. एकीनं विचारलं, आडनाव काय म्हणालीस? मी सांगितलं. बरं, असं म्हणून ती शेजारणीकडं वळली. मी फ्लॉपी घातली. आतून कर्र कर्र असा आवाज आला, तो नेहमीचा नव्हता, आणि पडद्यावर चौकट आली. फाइल खराब झालेली आहे, उघडता येत नाही. मी फ्लॉपी काढली, फुंकर मारली, परत घातली. तेच. परत. सात-आठ वेळा घातली असेल. प्रत्येक वेळी कर्र कर्र. मागून एक मूल विचारायला लागलं, आजोबा कवा बोलणार? काकी नुसत्या पडद्याकडं बघत होत्या. मी मागं वळून म्हणाले, तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे, सांगलीला न्यावं लागेल.

खोटं होतं असं मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं. पण खरं आहे असंही वाटत नव्हतं. सुरेशदादांनी तोंड पाडून कॉम्प्युटर जीपमध्ये घातला.

अण्णांनी तो उघडून दिवसभर बघितला. ठणठणीत होता. म्हणाले, फाइल करप्ट म्हणतंय, कचेरीत जाऊन आली असंल. त्यांचा विनोद. मग ते गंभीर झाले, कारण मी हसले नाही. दुसरा दिवस रविवार होता, दुकान बंद. मी सकाळीच एकटी बसले. दादांचं ते एका वेळी एकच नट. आधी थीमचा प्रोग्रॅम काढून नव्यानं घातला, तेच उत्तर. फ्लॉपी तीच ठेवून कॉम्प्युटर बदलला, तेच. मग कॉम्प्युटर तोच ठेवून फ्लॉपी बदलली, दाताच्या डॉक्टरांची घातली. तीही खराब. तिसरी घातली, खराब. मग नवी कोरी, पाकिटातली घातली, ती बिनतक्रार चालली. म्हणजे प्रोग्रॅम चांगला, मशीन चांगलं आणि डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या वाईट. डब्याला काय झालं? मी बापूंच्या फ्लॉपीचं झाकण अंगठ्यानं सरकवलं. चकतीवर लाल रंगाचं कडं उमटलं होतं. कुंकू आत वाळलं होतं, आणि तासगावात मी जितक्या वेळा फ्लॉपी घातली तितक्या वेळा ती फिरून त्या कणांनी स्वतःला घासत गेली होती. पहिल्याच वेळी थांबले असते तर कमी गेलं असतं. मी ते कडं बघत बसले. वाईट वाटायला पाहिजे होतं. मला आठवतं, मी वाट बघितली की आता वाटेल. नाही वाटलं. उठून वर गेले आणि अण्णांना सांगितलं.

अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि विचारलं,

“किती फ्लॉप्यांना लावलंस?”

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना?”

“बावीस. अक्का म्हणाल्या कुणाला सोडू नको.”

अक्का आतून तशाच पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मीच सांगितलं तिला. तिला कशाला बोलताय?”

“पूजा कर म्हणालीस. अभिषेक कर न्हाई म्हणालीस.”

मग अक्कांनी मला विचारलं, “तुमच्यात करत न्हाईत व्हय गं हे?” मी म्हटलं, नाही करत. त्या म्हणाल्या, “मग बोलायचं न्हाईस? मी काय खाल्लं असतं तुला?” अण्णा रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, निदान काहीतरी येऊन आदळलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, आता काय करायचं ठरवलंयस? तेव्हा मला कळलं की मीच काहीतरी करायचं आहे.

केलं ते असं. फ्लॉपीची प्लॅस्टिकची डबी चाकूनं कडेनं उकलली आणि चकती बाहेर काढली. नुसती चकती हातात घेतली की फार केविलवाणी दिसते, एखाद्या वाळलेल्या पानासारखी. दवाखान्यातलं स्पिरिट आणि कापूस घेऊन ती मधून कडेकडं पुसली, गोल नाही, गोल पुसलं तर ओरखडे लांबतात. कापूस गुलाबी होत गेला. मग नवी फ्लॉपी उकलून तिची चकती काढून टाकली आणि त्या स्वच्छ घरात ही बसवली. अण्णांकडं खराब जागा सोडून उरलेलं उचलणारा एक प्रोग्रॅम होता. तो लावला. एकेक तुकडा वाचत, अडत, परत वाचत तो दुपारभर चालला. अक्कांनी जेवणाचं ताट खाली आणून ठेवलं, सूर्य मावळायच्या आत म्हणून आठवणही केली. संध्याकाळी जे हाती आलं ते असं होतं. थीमचं गाठोडं पार गेलं. त्या प्रोग्रॅमची रीत अशी की गाठोड्यातला एक कपडा फाटला तर तो गाठोडंच सोडत नाही, फाइल खराब आहे म्हणतो आणि मोकळा होतो. म्हणून मी गाठोड्याचा नाद सोडून कपडे एकेक वेगळे काढायला बसले. चित्र अर्धं आलं. द्राक्षाचा घड आख्खा आला. कापून ठेवलेलं वाक्य एका अक्षरानंही आलं नाही. राहिलं मूळ ध्वनिमुद्रण. त्याचीही पुढची सगळी बाजू नुसती खरखर होती, पण सुरुवातीचे नऊ-दहा सेकंद निघाले. बापूंचं ठरवलेलं वाक्य त्यात नव्हतं. त्याच्या आधीचा घोळ तेवढा होता, जो मी कापून टाकणार होते.

अण्णा म्हणाले, हे त्यांना ऐकवायचं का नाही ते तू ठरव. नसंल ऐकवायचं तर मी सुरेशला फोन करून सांगतो, आवाज गेला म्हणून, चूक दुकानाची. मी म्हटलं, नको, मी जाते. धाडसानं म्हटलं नाही. नाही म्हणता येऊ लागलं होतं का ते तपासून बघितलं, असं म्हणा.

पुन्हा एसटीनं तासगाव. कॉम्प्युटर आधी जीपनं गेला होता. या वेळी सतरंजी नव्हती, जमाव नव्हता. सुरेशदादा, आणि भिंतीला टेकून काकी. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं की तुमच्या मशीनचा बिघाड खोटा होता, बिघाड माझा होता. खंडेनवमीला फ्लॉपीच्या आत कुंकू लावलं आणि त्यानं आवाज खाल्ला. कुंकू हा शब्द तोंडातून गेला तेव्हा समोर काकींचं मोकळं कपाळ होतं आणि मी मान खाली घातली. सुरेशदादा एकदम म्हणाले, “आवं ताई, एवढं शिकलेल्या तुमी, एवढं कळू नये?” त्यांचा आवाज चढला होता आणि ते बरोबर होते. काकींनी हातानं त्यांना थांबवलं.

“कशापायी लावलंस बाई आत?”

“चुकायला नको म्हणून.”

काकींनी हे ऐकून घेतलं. मी म्हटलं, बापूंचं ते वाक्य गेलं. आधीचं थोडं राहिलंय, अर्थ काही नाही त्याला. ऐकायचं नसेल तर मी पुसते. काकी म्हणाल्या, लाव.

मी लावलं. आधी खरखर. मग खाकरणं. मग बापू, अगदी खोलीत बसल्यासारखे. “झालं का चालू ह्ये? न्हाई न्हाई, थांबा. घसा वाळलाय. जरा पाणी आण बघू.”

आणि पुढं खरखर.

“आणते,” काकी म्हणाल्या आणि उठल्या.

अर्ध्या उठल्या होत्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. सुरेशदादा हळू म्हणाले, आई, बस. त्या बसल्या नाहीत. तशाच वाकलेल्या राहिल्या क्षणभर आणि मग पूर्ण उठून आत गेल्या. सुरेशदादा पडद्याकडं तोंड करून उभे राहिले. आत माठाचं झाकण वाजलं. काकी तांब्या घेऊन बाहेर आल्या. खोलीत आम्ही तिघंच होतो. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

मी दोन घोट घेतले. पाणी फार गार होतं, आणि ते घशातून खाली छातीत कुठवर गेलं ते सगळं मला कळलं. मग मी जे बोलले ते बोलायचं ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, काकी, आमचे दादा सिव्हिलला होते. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं, चार वेळा मागितलं. डॉक्टर म्हणाले होते थेंबभर देऊ नका. मी दिलं नाही.

हे मी आईलाही सांगितलेलं नव्हतं.

काकी माझ्याजवळ खाली बसल्या. कसलं समजावणं नाही, डोक्यावरून हात नाही. तांब्याच्या बुडाला त्यांनी आपला हात लावला आणि तो माझ्या तोंडाकडं वर उचलला.

“पी,” म्हणाल्या. “सगळं पी. आत भरपूर हाय.”